फोनवरचे लक्स आणि कुंडीतले झाड

विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात गेल्या काही वर्षांत म्हाडाच्या जुन्या चार मजली इमारती पाडून त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत. जुनी घरे लहान होती, पण खिडकीला बाहेर काढलेली लोखंडी जाळी असे आणि त्या जाळीत तुळस, ओवा, गवती चहा, एखादा मोगरा अशी चार-सहा डब्यांची बाग सहज मावत असे. नव्या इमारतींत अशी जाळी पुष्कळ ठिकाणी लावू देत नाहीत. समोर तेवढ्याच उंचीचा दुसरा मनोरा असला तर खालच्या मजल्यांवर ऊन येते ते घटकाभर. झाडे मग खोलीत येतात. खोलीत आली की पाने फिकी पडतात, देठ काडीसारखे लांबतात, आणि त्यावर उपाय म्हणून ‘ग्रो लाइट’ विकत आणला जातो. हा दिवा पुरेसा आहे का, हे ठरवायला घरातल्या मुलांकडे एक साधन तयारच असते. ते म्हणजे फोनवर फुकट मिळणारे प्रकाश मोजण्याचे अ‍ॅप.

फोन दिव्याखाली धरला की आकडा येतो. तो आकडा वहीत जातो आणि वहीतून प्रकल्पाच्या तक्त्यावर. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसाठी सहावीची आणि नववीची मुले कृतिसंशोधन प्रकल्प करतात. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेसाठी करतात. शाळेच्या प्रदर्शनासाठी तर करतातच. ‘घरातील झाडे आणि कृत्रिम प्रकाश’ हा विषय अशा प्रकल्पांना फार सोयीचा आहे. खर्च थोडा, झाडे घरचीच, आणि मोजमाप फोनवर. तेव्हा एखाद्या नव्या पाठ्यपुस्तकाचे करावे तसे या साधनाचे परीक्षण करणे आम्हाला गरजेचे वाटते. आमचे मत आधीच सांगून टाकतो. साधन टाकाऊ नाही, मात्र ते ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न झाडाचा नव्हे, माणसाच्या डोळ्याचा आहे. अ‍ॅप बनवणाऱ्यांपैकी बहुतेक जण हे सांगत नाहीत आणि प्रकल्प तपासणारेही सहसा विचारत नाहीत.

हे साधन मुळात कशासाठी बनले ते पाहू. फोनच्या दर्शनी बाजूला, वरच्या कडेजवळ, एक लहानसा प्रकाशसंवेदक असतो. उन्हात गेल्यावर पडदा उजळतो आणि अंधारात मंद होतो, तो त्याच्यामुळे. पडदा वाचायचा असतो माणसाने, म्हणून माणसाला उजेड किती वाटेल याचा अंदाज घेता यावा अशा बेताने हा संवेदक बनवलेला असतो. त्या अंदाजात वीस-तीस टक्क्यांची चूक झाली तरी कोणाचे काही बिघडत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये या संवेदकाचा आकडा लक्स या एककात अ‍ॅपला आयता मिळतो आणि अ‍ॅप तो मोठ्या अक्षरांत दाखवते. म्हणजे आपण ‘लक्स मीटर’ उतरवून घेतो तेव्हा मीटर आणलेला नसतो, फक्त तबकडी आणलेली असते. मीटर फोनबरोबर आधीच आलेला असतो, आणि प्रत्येक फोनचा वेगळा असतो. वर्गातले पाच फोन एकाच टेबलावर एकाच दिव्याखाली ठेवून पाहावेत. पाच आकडे येतील.

आयफोनची गोष्ट आणखी निराळी. त्यातही संवेदक असतो, पण त्याचा आकडा बाहेरच्या अ‍ॅपला दिला जात नाही. तिथली अ‍ॅप्स कॅमेऱ्यावरून अंदाज बांधतात. कॅमेरा मोजतो ते समोरच्या वस्तूवरून परतून आलेला प्रकाश. काळ्या मातीच्या कुंडीकडे रोखला तर एक उत्तर, शेजारच्या चुन्याच्या भिंतीकडे रोखला तर दुसरे; दोन्हींवर पडणारा प्रकाश मात्र तोच. म्हणून त्यांतली चांगली अ‍ॅप्स लेन्सवर पांढऱ्या कागदाची पट्टी लावायला सांगतात. पट्टी लावली की कॅमेरा पडणारा प्रकाश मोजू लागतो. ही सूचना न वाचता घेतलेली सारी निरीक्षणे प्रकाशाची नसून भिंतीच्या रंगाची असतात.

लक्स म्हणजे काय?

एका चौरस मीटरवर एक ल्युमेन प्रकाश पडला की तो एक लक्स, ही व्याख्या मुलांना येते. पण ल्युमेन म्हणजे काय, हे विचारले की वर्ग गप्प होतो. खरी गोम तिथेच आहे. ल्युमेन हे ऊर्जेचे शुद्ध एकक नाही. प्रत्येक रंगाच्या ऊर्जेला माणसाचा डोळा किती दाद देतो, त्या प्रमाणात तिचे वजन कमी-अधिक करून ल्युमेन काढतात. हे वजनांचे कोष्टक आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९२४ साली मान्य केले. ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी-हिरव्या प्रकाशाला पूर्ण गुण. एक वॉटचे ६८३ ल्युमेन. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला शंभरात जेमतेम चार गुण आणि ६६० नॅनोमीटरच्या गडद तांबड्याला सहा. डोळ्याच्या दृष्टीने हे रास्तच आहे. निळा आणि गडद तांबडा आपल्याला खरोखरच मंद दिसतात.

झाडाचा हिशोब वेगळा. प्रकाशसंश्लेषणात हरितद्रव्याचा रेणू प्रकाशाचे एकेक कण, म्हणजे फोटॉन, टिपतो. निळ्या फोटॉनमध्ये ऊर्जा जास्त असते, पण ती जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. काम एका फोटॉनाइतकेच होते. म्हणून झाडासाठी प्रकाश मोजायचा तर ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले फोटॉन मोजतात. एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती फोटॉन पडले ते मायक्रोमोलमध्ये सांगतात. अकरावीच्या मुलांना मोल ठाऊक असतो. अणू-रेणू मोजायला वापरतो तोच ६.०२ गुणिले दहाचा तेविसावा घात इथे फोटॉन मोजायला वापरायचा, आणि मायक्रोमोल म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग. (जाता जाता, ‘झाड हिरवा प्रकाश वापरत नाही’ हे वर्गात नेहमी ऐकू येणारे वाक्य खरे नाही. टेक्सासमधील मॅक्री यांनी अनेक पिकांच्या पानांवर मोजमाप करून १९७२ साली दाखवले की हिरवा प्रकाशही पाने बऱ्यापैकी कामी आणतात. पान हिरवे दिसते ते हिरवा प्रकाश इतर रंगांपेक्षा थोडा अधिक परतवते म्हणून; सगळा परतवते म्हणून नव्हे.)

आता दोन्ही हिशोब शेजारी मांडू. नववीच्या मुलांनाही जमेल असे हे गणित आहे. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घेऊन तिला ११९.६ ने भागले की एका जूल प्रकाशात किती मायक्रोमोल फोटॉन आहेत ते कळते. ६६० च्या तांबड्यासाठी हे उत्तर ५.५ येते. त्याच एका जूलचे डोळ्याच्या मापाने ल्युमेन-सेकंद होतात सुमारे ४२. म्हणजे गडद तांबड्या प्रकाशाच्या एका मायक्रोमोलमागे लक्स केवळ साडेसात. ४५० च्या निळ्यासाठी हेच केले की उत्तर सात येते. ५५५ च्या हिरव्यासाठी १४७. सूर्यप्रकाशात सारे रंग मिसळलेले असल्याने तिथे एका मायक्रोमोलमागे ५४ लक्स धरतात, आणि घरातल्या पांढऱ्या एलईडी दिव्यासाठी साधारण ६५ ते ७५.

या आकड्यांचा अर्थ काय होतो ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका घरात निळे आणि गडद तांबडे एलईडी बसवलेला जांभळा ग्रो लाइट आहे आणि तो कुंडीवर सेकंदाला ५० मायक्रोमोल टाकतो. सावलीत वाढणाऱ्या झाडाला हे बरे आहे. डोळ्याच्या मापाने काम करणारा फोन तिथे ३७० लक्सच्या आसपास सांगेल. शेजारच्या घरात साध्या पांढऱ्या दिव्याखाली दुसरी कुंडी आहे आणि तिथेही फोन ३७० लक्सच सांगतो. तिथे प्रत्यक्षात झाडाला मिळतात पाच-सहा मायक्रोमोल. आकडा सारखा, खुराकात जवळजवळ नऊपटीचा फरक. प्रकल्पाच्या तक्त्यात मात्र दोन्ही रकान्यांत ‘३७० लक्स’ लिहिले जाते आणि एक झाड वाढले, दुसरे मलूल झाले, याचे कारण पाणी, खत किंवा ‘जांभळ्या रंगाचा परिणाम’ यांत शोधले जाते. मुलांनी प्रामाणिकपणे मोजले, प्रामाणिकपणे लिहिले आणि निष्कर्ष मात्र चुकला. यात मुलांचा काही दोष नाही.

शिवाय जांभळे दिवे सगळे एकसारखे नसतात. काहींत तांबडा रंग ६६० ऐवजी ६३० च्या आसपासचा असतो. तिथे डोळ्याची दाद एकदम वाढते आणि एका मायक्रोमोलमागे ३४ लक्स होतात. दोन्ही दिवे पाहणाऱ्याला जांभळेच दिसतील. त्यातून फोनचा संवेदक डोळ्याची नक्कल हुबेहूब करतो असेही नाही. पांढऱ्या प्रकाशात जवळपास सारखे बोलणारे दोन फोन जांभळ्या दिव्याखाली एकमेकांपासून फार दूर जाऊ शकतात.

अ‍ॅप्सविषयी

बाजारात या कामाची पुष्कळ अ‍ॅप्स आहेत. त्यांचे आम्ही तीन प्रकार करतो. पहिला प्रकार विज्ञान शिकवण्यासाठी बनवलेल्यांचा. जर्मनीतील आखेन येथील आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१६ साली आणलेले ‘फायफॉक्स’ हे त्यातले आम्हाला सर्वांत पसंत. ते अँड्रॉइड फोनच्या संवेदकाचा आकडा लक्समध्येच दाखवते, वेळेनुसार आलेख काढते, आकडे बाहेर काढून देते. आणि झाडाविषयी चकार शब्द काढत नाही. जे ठाऊक आहे तेवढेच सांगणे हा उपकरणाचा गुण आहे. याच कामासाठी गूगलने २०१६ मध्ये काढलेले ‘सायन्स जर्नल’ २०२० साली आर्डुइनोकडे गेले, हेही इथे नोंदवून ठेवावेसे वाटते. शाळेतली लाकडी मीटरपट्टी पंचवीस वर्षे कपाटात राहते. अ‍ॅप असे कपाटात राहत नाही, आणि त्याच्या आधाराने प्रयोगपुस्तिका लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

दुसरा प्रकार झाडांसाठीच बनवलेल्या अ‍ॅप्सचा. ‘फोटोन’ हे त्यातले नाव घेण्याजोगे. ही अ‍ॅप्स थेट मायक्रोमोलमध्ये उत्तर देतात. फोनचा संवेदक फोटॉन मोजत नाही, मग हे मायक्रोमोल येतात कोठून? तर अ‍ॅप आधी विचारते, प्रकाश कसला आहे: उन्हाचा, पांढऱ्या एलईडीचा की जांभळ्या दिव्याचा? आपण जे सांगू त्यानुसार ते मघाच्या कोष्टकासारखा एखादा गुणक वापरते. हा मार्ग प्रामाणिक आहे, कारण निदान प्रश्न तरी विचारला जातो. पण उत्तराचा मोठा वाटा त्या एका निवडीतून येतो, हे वापरणाऱ्याला जाणवत नाही. दिवा तोच, फोन तोच. यादीतले नाव बदलले की उत्तर बदलते. हे वर्गात मुद्दाम करून दाखवावे. मोजमाप आणि गृहीतक यांतला फरक समजावायला याहून सोपे उदाहरण आम्हाला तरी सुचत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे काटा असलेल्या तबकडीचे चित्र, दशांश चिन्हापुढे दोन आकडे आणि खाली ‘कमी’, ‘मध्यम’, ‘भरपूर’ असा शेरा. काटा खोटा असतो, दशांशही खोटेच. ज्या संवेदकाच्या आकड्यात शेकडा वीस चूक सहज असू शकते, त्याने ४१२.३७ सांगणे म्हणजे भाजीवाल्याने अंदाजाने हातात तोललेल्या जुडीचे वजन मिलिग्रॅममध्ये सांगण्यासारखे आहे. आणि शेरा तर निव्वळ आगाऊपणा. भरपूर कोणासाठी? मनीप्लांटला भरपूर असलेला उजेड तुळशीला उपासमारीचा असतो. असली अ‍ॅप्स शाळेत वापरू नयेत, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

एवढे बोलल्यावर या साधनाने केलेला एक मोठा उपकारही सांगितला पाहिजे. आपला डोळा प्रकाशाच्या बाबतीत फार फसवा आहे. बाहुली लहान-मोठी होते, दृष्टिपटल सरावते, आणि खोलीतला उजेड आपल्याला बाहेरच्यापेक्षा ‘जरा कमी’ वाटतो. विक्रोळीच्याच खाडीकाठच्या कांदळवनावर उन्हाळ्यातल्या दुपारी एक लाखाच्या आसपास लक्स पडतात. तिथून फार दूर नसलेल्या एखाद्या घरात, खिडकीपासून दहा-बारा फुटांवरच्या टेबलावर शंभर-दोनशे. म्हणजे पाचशे ते हजारपट फरक. हा फरक कितीही तोंडाने सांगितला तरी पटत नाही. फोन हातात घेऊन खिडकीपासून आत सहा पावले चालले की पटतो. इथे फोनची वीस-तीस टक्क्यांची चूक आड येत नाही. प्रकाश एकाच जातीचा असेल आणि फोन तोच असेल, तर ‘इथे तिथल्यापेक्षा किती पट’ या प्रश्नाचे उत्तर हे साधन बऱ्यापैकी देते. तुलना करावी ती याच अटीवर.

साधनाची परीक्षा आधी घ्यावी

पूर्वी शाळांच्या प्रयोगशाळेत बुन्सेनचा तेलाच्या डागाचा प्रकाशमापक असे. कागदावर तेलाचा एक डाग, दोन बाजूंना दोन दिवे. डाग दिसेनासा होईपर्यंत एक दिवा पुढे-मागे सरकवायचा आणि अंतरांच्या वर्गांवरून गुणोत्तर काढायचे. आकडा आयता मिळत नसे, पण उपकरण आत काय करते ते उघड्या डोळ्यांनी दिसे. फोनमध्ये ते दिसत नाही, म्हणून झाडाकडे वळण्यापूर्वी एक तास फोनचीच परीक्षा घ्यावी, असे आम्ही सुचवतो.

सर्वांत चांगली परीक्षा सर्वांत सोपी आहे. काळोख्या खोलीत फोन टेबलावर ठेवा. पहिला दिवा लावून आकडा घ्या, तो विझवून दुसरा लावून घ्या, मग दोन्ही लावून घ्या. तिसरा आकडा पहिल्या दोहोंची बेरीज असायला हवा. नसेल तर तो फोन तुलनेलाही उपयोगी नाही. दुसरी परीक्षा कलण्याची. दिवा डोक्यावर ठेवून फोन साठ अंशांनी कलता केला तर पृष्ठावर पडणारा प्रकाश निम्मा होतो, कारण साठ अंशांची कोसाइन अर्धी. पुष्कळ फोन इथे नापास होतात. त्यांचा संवेदक काचेच्या आत खोल बसलेला असतो आणि तिरपा प्रकाश त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. ग्रो लाइट कुंडीच्या बाजूने लावलेला असेल तर ही चूक मोठी होते. काही नव्या फोनांत संवेदक पडद्याच्याच खाली असतो. तिथे पडद्याचा स्वतःचा उजेड मिसळू नये म्हणून पडदा शक्य तितका मंद आणि कायम एकसारखा ठेवावा.

अंतराच्या नियमातही एक खाच आहे. अंतर दुप्पट केले की उजेड पाव होतो हा नियम लहान बल्बला लागू; तीन-चार फुटी पट्टीदिव्याच्या जवळ तो लागू होत नाही, तिथे उजेड साधारण निम्म्यावर येतो. मुलांनी काढलेला आलेख पुस्तकातल्यासारखा आला नाही म्हणून आकडे ‘सुधारून’ घेण्याची सवय आपल्याकडे आहे. इथे आलेख बरोबर असतो, नियम चुकीच्या जागी लावलेला असतो.

आणखी एक पडताळा खोक्यावर छापलेलाच असतो. समजा, ९ वॉटच्या एलईडी बल्बवर ९०० ल्युमेन लिहिले आहे. तो सगळा प्रकाश खालच्या अर्ध्या बाजूलाच गेला असे धरले, तरी अर्ध्या मीटर अंतरावरच्या अर्धगोलाचे क्षेत्रफळ होते १.५७ चौरस मीटर. सरासरी पावणेसहाशे लक्स. अगदी सरळ खाली फार तर याच्या दुप्पट. फोन तिथे तीन हजार म्हणत असेल तर चूक फोनची आहे, हे कागद-पेन्सिलीने सिद्ध होते. सहाशे रुपयांच्या ग्रो लाइटच्या खोक्यावर ‘सूर्यासारखा प्रकाश’ असे लिहिलेले असेल, तर तोही याच गणिताने तपासावा.

क्षणाचा आकडा आणि दिवसाचा हिशोब

फोन दाखवतो तो त्या क्षणाचा प्रकाश. झाड जगते दिवसभराच्या जमेवर. दिवसाची जमा मोलमध्ये मांडतात. मघाचा ५० मायक्रोमोलचा दिवा बारा तास चालला तर ५० गुणिले ४३,२०० सेकंद, म्हणजे २.१६ मोल. आणि खिडकीत एकच तास थेट ऊन येत असेल, सेकंदाला १,००० मायक्रोमोल धरले, तर त्या एका तासात ३.६ मोल. बारा तासांच्या दिव्यापेक्षा एका तासाचे ऊन भारी पडते, तेही विजेच्या बिलाशिवाय. लेट्यूससारख्या पालेभाजीला दिवसाला बारा ते सतरा मोल लागतात असे धरले जाते. मुंबईच्या एप्रिल-मे मधल्या निरभ्र दिवशी उघड्या गच्चीवर चाळीसच्या वर मोल पडतात. तेव्हा दोन मोलांच्या दिव्याखाली मेथी-कोथिंबिरीचा वाफा फुलेल, ही आशा धरण्याआधी मुलांनी हा गुणाकार करून पाहावा.

खिडकीचा एका दिवशी घेतलेला आकडाही वर्षभर चालत नाही. विक्रोळी एकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर, दक्षिणेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरेच आत येते. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला दुपारी थेट ऊन मिळतच नाही. उत्तरेच्या खिडकीला मिळू शकले असते, पण तोवर पावसाचे ढग आलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीत मोजलेली खिडकी आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मोजलेली खिडकी या दोन वेगळ्या खिडक्या समजाव्यात.

मग झाडाचा प्रकाश मोजायचा कसा? फोटॉन मोजणारे खरे मीटर असतात, पण त्यांच्या किमती दहा हजारांच्या पटीत, शाळेच्या आवाक्याबाहेरच्या. आम्ही जुना रस्ता सुचवतो: झाडालाच विचारावे. आयोगाने डोळ्याचे कोष्टक मान्य केले त्याच १९२४ साली आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे ‘द फिजिऑलॉजी ऑफ फोटोसिंथेसिस’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी हायड्रिला या पाणवनस्पतीच्या देठातून निघणाऱ्या ऑक्सिजनच्या बुडबुड्यांवरून प्रकाशसंश्लेषणाचा वेग मोजला आहे. बुडबुडे आपोआप नोंदवणारे उपकरणही त्यांनी स्वतः रचले होते. बुडबुडे मोजण्याचा हा प्रयोग आपण शाळेत करतोच. त्याला फोनची जोड द्यायची आहे, इतकेच.

पांढरा एलईडी आणि जांभळा ग्रो लाइट असे दोन दिवे घ्या. काचेच्या भांड्यात पाणी, चिमूटभर खाण्याचा सोडा, आणि कापलेले टोक वर केलेली हायड्रिलाची फांदी. फांदी असते त्या जागी फोन ठेवून दोन्ही दिव्यांची अंतरे अशी जुळवा की फोनवर लक्स सारखे येतील. जांभळा दिवा बराच जवळ आणावा लागेल, आणि त्याच्याकडे टक लावून पाहू नये. मग एकेक दिवा लावून, पाच मिनिटे थांबून, मिनिटाला किती बुडबुडे निघतात ते मोजा. लक्स हे झाडाचे माप असते तर दोन्हीकडे बुडबुडे सारखे निघाले असते. आपण वर केलेले गणित खरे असेल तर जांभळ्या दिव्याखाली ते स्पष्टपणे जास्त निघायला हवेत. किती जास्त, हे दिव्यातला तांबडा ६६० चा आहे की ६३० चा, आणि फोन कोणता, यावर ठरेल. म्हणून दुसऱ्या फोनने अंतरे पुन्हा जुळवून प्रयोग पुन्हा करावा. बुडबुडे लहान-मोठे असतात, तेव्हा एका मोजणीवर भिस्त ठेवू नये. एकदा पांढरा आधी, एकदा जांभळा आधी, अशी अदलाबदलही करावी, आणि पाण्याचे तापमान दर वेळी लिहावे.

प्रकल्पाच्या तक्त्यात ‘प्रकाश’ असा एकच रकाना ठेवण्याऐवजी दिव्याचा प्रकार, अंतर, चालू असलेले तास, फोनचे मॉडेल आणि अ‍ॅपचे नाव असे रकाने पाडावेत. लक्स लिहायचे असतील तर शेवटच्या रकान्यात, पूर्णांकात, आणि शक्यतो ‘अमुक जागेच्या इतके पट’ अशा रूपात. हायड्रिला मत्स्यपालनाच्या दुकानात मिळते. आणलेली फांदी त्याच दिवशी वापरू नये. एक दिवस खिडकीतल्या उजेडात पाण्यात ठेवावी आणि टोक धारदार पात्याने पाण्याखालीच कापावे, नाहीतर बुडबुडे फुटकळ निघतात आणि मोजणारी मुले कंटाळतात.